बेदाण्याची चार खोकी

रविवारी सकाळी कोल्ड स्टोरेजमधून
सुकुमारनं चार रिकामी खोकी आणली.
तळाशी अजून चिकट गोडवा,
एका कोपऱ्यात अडकलेले तीन बेदाणे,
श्रेणिकनं ते माझ्या आधी पाहिले आणि खाल्ले.

दिवाणाखाली, मिक्सरमागे, माझ्या चपलेत,
कणकेच्या डब्यातसुद्धा एक प्लॅस्टिकचा गेंडा.
आज हे सगळं आवरायचं, असं मी मोठ्यानं म्हटलं,
म्हणजे मलाच माघार घेता येणार नाही.

मैद्याची खळ शिजवली,
मुंग्या लागू नयेत म्हणून चमचाभर हळद.
सांगलीत हळद घालायला तसं कारण लागत नाही.
जुन्या इरकलीचा काठ फाडून कडांना लावला.
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी चिकटवली
तर खळीच्या ओलीत खालून उमटल्या
अष्टम्या, चतुर्दश्या
आणि दूधवाल्याच्या खाड्यांच्या फुल्या.

मग स्केचपेननं ठसठशीत नावं:
चाकांची. ठोकळे. प्राणी.
चौथ्यावर, बराच विचार करून, इतर.

श्रेणिक सहा वर्षांचा. त्याला वाचता येतं
आणि पटत नाही.
"हत्ती प्राण्यांत नको, तो ठोकळ्यांवर बसतो."
"बस चाकांत नको, तिला चाकं कुठायत?"
खरंच नव्हती.
"मग टाकूया?"
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
जणू पाय मोडला म्हणून
मी घरमालक उपाध्ये काकांनाच टाकूया म्हणाले.

खोकी त्यानं ओढून घेतली.
वाटणी नव्यानं.
एकात आधी न्यायचे.
एकात मागनं न्यायचे.
एकात ज्यांना पोहता येतं ते:
बदक, बाटलीची झाकणं, आणि का कुणास ठाऊक, गेंडा.
चौथं रिकामंच.
"ही बोट. बोटीत सामान नाही घेत,
माणसं घेतात."

खळीचा हात तसाच हवेत धरून मी उभी.
तेव्हा तो दीड वर्षाचा होता.
त्याला काही आठवत नाही
असं आम्ही सगळ्यांना सांगतो.

"आई, आयर्विनला किती?"
जुलैत सगळा गावभाग एकमेकांना विचारतो
तसंच, त्याच घाईनं.
"अरे, फेब्रुवारी चाललाय. नदी पार खाली गेलीय,
घाटाच्या सगळ्या पायऱ्या उघड्या आहेत."
"तसं नाही. चाळीस म्हण."
"चाळीस."
"इशारा!" तो ओरडला आणि पळत सुटला.

भिंतीला दोनदा रंग दिला
तरी ती रेघ माझ्या खांद्याशी दिसतेच.
श्रेणिकचा शेंडा अजून तिच्याखाली वीतभर.
पंचेचाळीसला ठोकळे दिवाणावर गेले,
सत्तेचाळीसला चाकांची बस, बिनचाकांची बस,
मग हत्ती, कपाटावर, खुर्चीवर चढून.
"मी काय उचलू?" मी विचारलं.
"तू इतर उचल."

मी इतर उचललं.
शिट्टी, तुटका भोवरा, बाहुलीचा एक बूट,
कसली तरी किल्ली.

रात्री तो आमच्यात आडवा झोपला,
कारण दिवाण भरलेला.
पाणी प्यायला उठले तर
फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी,
ट्यूबच्या उजेडात ओली असल्यासारखी चमकत होती.
किती दिवस मला हेच हवं होतं.

पण बघवेना.
दिवाणावरून बिनचाकांची बस काढली,
खोलीच्या मधोमध ठेवली.
मग चार ठोकळे. मग गेंडा.
मग झोप लागली.

पहाटे पाच वाजता, अंधारात, पहिल्या पाळीला निघालेला सुकुमार
एका पायावर नाचत
गेंड्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवत होता.